रांजणाचं झाकण

मागच्या उन्हाळ्यात मुखरूले ऊन लागलं. कोरपन्याकडच्या आमच्या गावात हे काही नवं नाई. बायको गिरजा भाचीच्या लग्नाले गेली होती, पोरगा पवन भोसरीच्या कारखान्यात. मुखरू दुपारभर एकटाच पडून होता. कोणाले कळलं तवा सारं संपलं होतं. गिरजा रडली नाई. तेरवी झाली आन् दुसऱ्या दिवशी ती वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटाले गेली.

पवनले मात्र एकच घोर. मायले काही झालं त मले कळन कसं? शिमग्याले आला तवा तो तिले सुरेंद्रच्या मोबाइल-दुकानात घेऊन गेला.

सुरेंद्रनं पयले कॅमेरा काढला. फोनवर सारं घर दिसते, म्हणे.

“मंग मी लुगडं कुठी बदलू?” गिरजा म्हणाली.

कॅमेरा बाजूले गेला. मंग बोलका डबा आला. “मावशी, याले नुसती हाक माराची, का पवनले फोन लागते.”

“बोलाची सवय नाई राह्यली.”

“आन् लाइन गेली त?” पवननं विचारलं. “आमच्याकडं मे महिन्यात लाइन म्हणजे पाहुणी. टिनाखाली प्लास्टिकबी वाकते.”

शेवटी सुरेंद्रनं काडीपेटीएवढ्या दोन तुकड्यांची जोडी दिली, सेलवर चालणारी. एक तुकडा दाराले, एक चौकटीले. दार उघडलं का पवनच्या फोनवर खबर. खबर धाडाले बॅटरीवर चालणारा सिमचा डबा. पवन ते सारं ठोकून भोसरीले गेला.

फोनवर रोज एकच दिसे: दार उघडं.

“माय, दार काऊन उघडं?”

“उन्हाळ्यात दार कोण लावते रे? मी आंगणात बाजेवर झोपतो.”

शहरात राहून पोट्टा गावचं दार विसरला होता. मंग गिरजाच म्हणाली, “ते रांजणाच्या झाकणाले लावू. पाण्यासाठी त उघडाच लागते.” शेजारच्या बुधूनं एक तुकडा झाकणाले बसवला, एक बाजूच्या खुंटीले. ओल लागू नये म्हणून वरून प्लास्टिकची पन्नी बांधली. आता झाकण उचललं का पवनच्या जिवाले बरं वाटे.

मे महिन्यात एका दुपारी बुधू तंबाखू मागाले आला. गिरजा भिंतीले टेकून बसली होती. ती उठली, झाकण उचललं, ठेवलं आन् परत येऊन बसली.

“वयनी, पाणी त घेतलंच नाई!”

“पवनले कळलं न.”

“त्याले कळलं. तुमच्या जिवाचं काय?”

“तहान नाई लागत, बुधूभाऊ.”

“मुखरूले खांदा दिला मी. आता तुमाले उचलाची ताकद नाई माह्यात, आधीच सांगतो.”

ती हासली नाई. बुधूनं झाकण काढलं, गडवा बुडवला, तिच्या हातात दिला. गिरजानं पाण्याकडं पाह्यलं. मंग पेली.

“आखीन प्या.”

पेली.

“कसं लागते?”

“पाण्यासारखं.”

गडवा रिकामा होयेस्तोवर बुधू दारातच बसून राह्यला. भोसरीत पवनच्या फोनवर एवढंच आलं, का झाकण दोनदा उघडलं.