पडद्याचा उजवा कोपरा

गल्लीत त्याला सगळे फोकस म्हणत. तो सिनेमा थिएटरात ऑपरेटर होता, म्हणजे वरच्या खोलीत बसून प्रोजेक्टर चालवणारा. पण हे नाव पडलं ते लोकांच्या घरच्या टीव्हींमुळे. कुणाकडे उभ्या उभ्या गेला तरी पाण्याचा पेला हातात येण्याआधी याची नजर टीव्हीवर जायची. "हे चित्र आहे का? भिंतीला दिलेला रंग आहे नुसता," असं तो यजमानाला ऐकवायचा. मग न विचारता रिमोट उचलून रंग उतरवायचा, उजेड कमी करायचा, आणि माणसांची तोंडं ओळखू येईनाशी झाली की समाधानाने मागे टेकायचा. तो गेला की यजमान सगळं पुन्हा होतं तसं करून ठेवत. बायका त्याच्या बायकोला म्हणत, वहिनी, तुमची कमाल आहे हो. ती हसून वेळ मारून न्यायची. तिच्या स्वतःच्या घरातल्या टीव्हीवर कित्येक वर्षं दिवस उजाडला नव्हता.

त्याचं म्हणणं एकच होतं. फिल्मवर चित्र असतं आणि डिजिटलवर चित्राची बातमी असते. फिल्ममध्ये काळा हा काळा असतो, गालाला गालाचा रंग असतो; डिजिटलमधली माणसं म्हणजे पावडर लावून बसवलेले पुतळे. हे सगळं जेवताना, आमटी निवेपर्यंत सांगून झालं की शेवटी तो म्हणे, "हा फरक आंधळ्यालाही कळेल."

गंमत अशी की लग्न झाल्यापासून या माणसाने एकही सिनेमा खुर्चीत बसून पाहिला नव्हता. भिंतीतल्या वीतभर काचेतून तो पडदा बघायचा, तोही सगळा नाही. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका डोळ्याची पापणी लवेपर्यंत येऊन जातो. पहिल्या ठिपक्याला शेजारचं मशीन सुरू करायचं, दुसऱ्याला चित्र त्याच्यावर घ्यायचं. प्रेक्षकांना तो ठिपका कधी दिसत नाही. फोकसला त्याच्याखेरीज काही दिसत नसे. सिनेमात काय होतं म्हणून विचारलं तर म्हणे, "सात रिळं आहेत, पाचवं जरा नाजूक आहे." लेकीच्या शाळेतल्या नाचाची चित्रफीत लावली तेव्हाही तो तिच्या पायांकडे न बघता वर कोपऱ्यात डोळे लावून बसला होता. लेक त्यावरून कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. सिनेमे पाहिले ते बायकोने. त्याच्या पासावर, खाली खुर्चीत बसून, एकटीने; हसायचं तिथे हसून आणि रडायचं तिथे पोटभर रडून.

मग मालकाने डिजिटल मशीन आणलं आणि ते चालवायला फोकसला सांगितलं. फोकस म्हणाला, बटण दाबायला माझी काय गरज, दारावरचा गुरखा दाबेल. आणि रजा टाकून घरी येऊन बसला.

घरी बसला म्हणजे बायकोच्या डोक्यावर बसला. ती दुपारी ब्लाउज शिवायची. गिऱ्हाइकं यायची, चार गप्पा व्हायच्या, तिचा तेवढाच वेळ तिचा असायचा. आता मशीनशेजारी खुर्ची टाकून फोकस हजर. ट्यूबलाइटखाली रंग खोटे दिसतात, हे तो प्रत्येकीला समजावून सांगू लागला. एक बाई अस्तराचा रंग जुळवत होती, तिला त्याने कापड घेऊन गच्चीवर उन्हात पाठवलं. ती गच्चीवरून उतरली ती थेट आपल्या घरी गेली. दुसरी म्हणाली, तुमचे मिस्टर कामावर जायला लागले की कळवा. मधल्या वेळात तो ओट्यापाशी उभा राहून फोडणीवर बोलायचा. सासू परवडली, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

शेवटी मालकानेच पैज काढली. थिएटरच्या कोठीत एका जुन्या सिनेमाची फिल्म पडून होती. त्याच सिनेमाची डिजिटल प्रतही कुठूनतरी मिळाली. एकच प्रसंग दोन्ही मशीनवर लागोपाठ दाखवायचा. फोकसने फिल्म ओळखली, तर जुनं मशीन दर रविवारी एका खेळासाठी राहील आणि त्याच्यापुरता फोकसही. नाही ओळखली, तर जुनं मशीन जाईल आणि फोकस तोंड न वाजवता रोज नव्यावर बसेल. फोकसने चारचौघांत मालकाच्या हातावर टाळी दिली.

बायकोने मनात हिशेब मांडला. तो जिंकला तर आठवड्यातून एक दिवस तिकडे आणि सहा दिवस शिलाई मशीनशेजारी. तिने कुठल्या देवाला काय मागितलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पैजेच्या दिवशी फोकस इस्त्रीचा शर्ट घालून खाली खुर्चीत बसला, तिच्या शेजारी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मागच्या रांगेत गावातल्या चित्रपट रसिक मंडळाची दाढीवाली मंडळी होती. वर दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर होता. अंधार झाला.

प्रसंग रात्रीचा होता. एक बाई हातात कंदील घेऊन जिना उतरते, खाली कुणीतरी उभं आहे आणि ते कोण, हे तिला अजून माहीत नाही. पहिल्या खेपेला बायकोला जिना दिसला, बाई दिसली. अंधार मात्र ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा करडा. दुसऱ्या खेपेला तीच बाई उतरू लागली आणि बायकोचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. अंधार विहिरीतल्यासारखा होता. त्यातून तो गाल वर आला, कंदिलाच्या बाजूने तांबूस. इतकी वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकलेलं सगळं तिच्यासमोर पडद्यावर उभं होतं. हा माणूस खरं बोलत होता, याचा तिला जरा रागच आला.

तिने शेजारी पाहिलं. फोकसचं तोंड वर उजवीकडे होतं.

"पहिली," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पहिली फिल्म. ठिपका आला बघ. दुसरीत नाही."

एक शब्द पुरला असता. दिवे लागायला अजून वेळ होता. तिला गच्चीवर गेलेली बाई आठवली.

"तुम्हाला कळणारच," ती म्हणाली.

दिवे लागल्यावर फोकस उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, पहिली. दाढीवाल्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, काय ती खोली होती. दुसरा म्हणाला, त्याला श्वास होता श्वास. तेवढ्यात वरून दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर उतरला आणि पहिलं डिजिटल होतं म्हणाला. ज्या फिल्मवरून ती डिजिटल प्रत काढली होती, तिच्यातले ठिपके प्रतीतही जसेच्या तसे उतरले होते. कोठीतल्या फिल्मच्या रिळांची टोकं मात्र झिजली होती आणि ती ठिपक्यांसकट कापून जोडणारा हात फोकसचाच होता. मालक इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दाढीवाले मग डिजिटलनेही बरीच प्रगती केल्याचं बोलू लागले.

घरी परतताना फोकस खाली मान घालून चालत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "तुला तरी काही फरक वाटला का गं?"

"वाटला ना. दुसऱ्यात काळा काळा होता. आणि तिचा गाल."

तो रस्त्यातच थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे? तुम्ही सांगितलंत."

आता हा चिडणार, असं तिला वाटलं. पण त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे फरक आहे," तो म्हणाला. "अगं, तुला कळला, म्हणजे कुणालाही कळेल. मी बरोबरच होतो की!"

"होतातच," ती म्हणाली. "उद्यापासून डबा किती वाजता लागेल?"