नानांच्या पट्टीचा रंग

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडा, साचतातच: धूळ आणि किस्से. गंगापूर रोडवरच्या आमच्या दुकानात धूळ मी झाडायचो, किस्से प्रसाद करायचा!

प्रसाद माझा पार्टनर. घरी गुलाबाचा मळा. "दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर गुलाबाला पाणी धरायला ये," असं वडिलांनी बजावलेलं. त्यामुळे सायखेड्याच्या नानांनी त्यांच्या नव्या कॉम्प्युटर क्लाससाठी मशीनं विचारली तेव्हा गड्याच्या जिवात जीव आला. नानांचा हट्ट एकच. स्क्रीनच्या तळाशी बटणांची पट्टी असते ना, पॅनेल, तिला खास बॅकग्राउंड हवं. "वर काळंभोर, खाली येता येता धुरकट. तेवढं एका मशीनवर जमवा, बाकी सगळी मशीनं तुमच्याकडनंच!"

*

पहिला ग्रेडियंट, म्हणजे गडदातून फिक्याकडे उतरत जाणारा रंग, प्रसादनं भर दुपारी केला. मॉनिटरवर थेट ऊन. काही दिसेना म्हणून हा उजळ करत गेला. ऊन उतरलं आणि पट्टी ट्यूबलाइटसारखी पेटली!

"डिझाइन बरोबर आहे," प्रसाद म्हणाला, "सूर्य चुकीच्या जागी होता."

*

मग इतकी गडद केली की त्यात पॅनेलवरचं घड्याळच गडप झालं. रात्री उशीर झाला म्हणून प्रसादला घरून आईचा फोन, "दुकानात घड्याळ नाही का रे?"

"होतं गं. आता बॅकग्राउंडमध्ये गेलंय!"

*

नमुना नानांना फॅक्सनं पाठवला. तिकडे निघाली नुसती काळी पट्टी. पाच मिनिटांत नानांचा फोन, आवाज एकदम खाली.

"कोण गेलं रे?"

*

शेवटी प्रसाद स्वतः सायखेड्याला जाऊन पट्टी बसवून आला. नाना खूश. आठवड्यानं फोन, "लय पांढरी पडली रे!" प्रसादनं जाऊन गडद केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. असं करता करता ग्रेडियंट पार संपला, उरला ठार काळा रंग. चार दिवसांनी नाना म्हणाले, "आता जमलं! वर काळी, खाली धुरकट. उद्घाटनाला या दोघं."

आम्ही गेलो. क्लास पिठाच्या गिरणीला लागून! प्रसादनं सहज पट्टीवर बोट फिरवलं. बोट पांढरं, पट्टीवर काळी रेघ. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

तेवढ्यात नानी ओलं फडकं घेऊन आल्या. "पाहुणे यायच्या आत टीव्ही पुसून घेते." प्रसाद मॉनिटरला पाठ लावून उभा राहिला. चेहऱ्यावर आख्खा गुलाबाचा मळा!

"सरक रं बाळा," नानी म्हणाल्या.

मागून नाना ओरडले, "ए, हात नको लावू! पोरानं लय मेहनतीनं आणलाय तो रंग!"