बारीक झालेली ताई

ताई गेल्याचा फोन भाचीनं केला, अकोल्याहून. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. आम्ही अमरावतीहून दुपारी पोहोचलो, तर अंगणात बसलेल्या एका शेजाऱ्यानं माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "लिव्हर खराब झालं म्हन्तात... बाई पेत होती काय?" महिना उलटला, तरी तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही. चहापलीकडे ताईनं आयुष्यात काही घेतलं नव्हतं.

ताई शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतर तिचं अंग सुटलं, तेही सगळं पोटावर. जेवण दीड पोळीचं. तरी प्रत्येक कार्यात कुणीतरी म्हणायचंच, "मास्तरीणबाईले पगार मानवला वं!" ती हसून घ्यायची. पाच-सहा वर्षांपूर्वी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, रक्तात साखरही. भाऊजी नावाजलेले वकील, पण हा कागद त्यांनी वाचला न वाचला आणि म्हणाले, "चरबी हाये. कमी खा. आजकाल सगळ्याइलेच असते." डॉक्टरांनी सहा महिन्यांनी परत बोलावलं होतं. कुणी नेलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

ताईनं मग रात्रीचं जेवण सोडलं. गेल्या वर्षी माझ्या मुलाच्या लग्नाला आली तेव्हा गाल बसलेले, मनगटं काडीसारखी. बायकांनी तिला घेरलंच. मी तर सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, काय केलं तू? मलेई सांग ना!"

"काई नाई केलं. मले भूकच लागून नाई राहिली," ती म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो...

दिवाळीनंतर तिचे पाय सुजले, पोट पुढे आलं. काट्यावर वजन वाढलेलं पाहून भाऊजी म्हणाले, "झालं, पुन्हा खाऊन राहिली." ते पाणी होतं. मीच तिला अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं, भाऊजीही आले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वर्षानुवर्षांच्या चरबीनं यकृत आकसलंय. खाल्लेल्यातली साखर साठवून ठेवणं हे त्याचं काम. ते जमेनासं झालं, की रात्रभर उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचेच स्नायू खातं. यांना झोपण्यापूर्वी मुद्दाम खायला द्यायला हवं होतं." ताई म्हणाली, "डॉक्टर, मी तं बारीक होऊन राहिली म्हून खूश होती."

त्यानंतर ती चार महिने जगली.

तेरवीनंतर भाचीसोबत ताईचं कपाट आवरलं. ब्लाउज ती स्वतःच शिवायची. घडी उलगडली तर बाह्या दोन-दोन बोटं आत घेतलेल्या, आणि त्याच ब्लाउजला खाली दोन्ही बाजूंनी पट्टी जोडून घेर वाढवलेला. एक नाही, सहा ब्लाउज तसेच. हात आटत होते, पोट फुगत होतं, आणि ती कुणाला न सांगता मशीनवर बसून टाके उसवत होती, घालत होती. एक ब्लाउज मी घरी आणला. "जुने कपडे कायले नेता?" भाऊजींनी विचारलं. मी तो घडी करून पिशवीत घातला. पट्टी वेगळ्याच रंगाची आहे. पदराखाली दिसली नसती. दिसली असती, तरी आम्ही रंग जुळला नाही म्हणून हसलो असतो.