शेळ्यांनी दाखवलेला ठिपका

शेळ्यांच्या अंगाचा उग्र वास आला की मला दुष्काळातला बालाघाटचा डोंगर आठवतो. तिथं रस्ता नव्हता, तिपाई आणि दुर्बीण खांद्यावर घेऊन मी नकाशा करत हिंडत होतो. गावच्या सहकारी संस्थेला बंधारा हवा होता, पण नकाशात पाणी नसलं तर तो दुसऱ्या गावाला जाणार होता. मी सगळे ओढे कोरडेच दाखवले. इथं पाणीच नाही, असं मी म्हणालो, ते ऐकून शेळ्या राखणारी एक म्हातारी हसली, तेव्हा मला रागच आला. "सायेब, पाणी हाय की! मला खाली उतरवत न्हाई. शेळ्यांचा आज पाण्याचा दिस हाय, तुमी त्यांच्या मागं जावा." काट्यांतून, कधी हातापायांवर, मी शेळ्यांच्या मागं उतरलो. एका कपारीखाली त्या माना घालून पाणी पीत होत्या. वर येऊन मी तिच्यासमोरच नकाशावर पाण्याचा निळा ठिपका काढला. तिनं त्यावर बोट ठेवलं. "आता ह्यो कुणी पुसणार न्हाई ना?" बंधारा तिथंच झाला. नोकरीत मी पुष्कळ नकाशे केले, सगळ्यांवर माझी सही आहे. पण घरी कुणी आलं की मी हाच उघडतो आणि सही सोडून त्या ठिपक्यावर बोट ठेवतो.