समुद्रातून आलेला ट्रॅक्टर

नानांना कुठलंही पाणी दाखवलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: याची पाळी केव्हा? एरंडोलजवळच्या आमच्या गावात केळीला पाणी द्यायचं तर आधी वीज यावी लागते, आणि वीज कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीने येते. माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य त्या पाळ्या सांभाळण्यात गेलं. त्यामुळे बहात्तराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा हात जोडले आणि मला म्हणाले, "पोरी, हाई पानीनी पाळी कव्हय ऱ्हास?"

मी हसले. हसायचा मला तसा अधिकार नव्हता. मी जळगाव शहरातल्या पिंप्राळ्यात वाढलेली, तिथेच खाजगी क्लासमध्ये बारा वर्षं भूगोल शिकवलेली. भरती-ओहोटीचा धडा मी फळ्यावर गोल गोल चंद्र काढून इतक्यांदा शिकवला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता. भरती प्रत्यक्षात कशी येते हे मात्र मीही नवऱ्याची बँकेतली बदली कोकणातल्या या लहानशा गावात झाल्यावरच पाहिलं.

सासूबाई गेल्या आणि दिवाळीनंतर आम्ही नानांना इकडे घेऊन आलो. शेत वर्षभरासाठी शेजाऱ्याकडे सोपवलं. नानांच्या दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे आणि ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, दुसरीत ठिबकच्या काळ्या नळीचं भेंडोळं. "नाना, इथे या नळीचं काय करणार?" मी विचारलं. "लागस कोठे ना कोठे," ते म्हणाले. ते भेंडोळं दारामागे पडून राहिलं आणि मी रोज केर काढताना त्याला पाय लावून बाजूला सारत राहिले.

आठवड्याभरात कॅलेंडरच्या चौकोनांत पेन्सिलीने वेळा दिसू लागल्या. पाणी केव्हा चढलं, केव्हा उतरलं. दहाव्या दिवशी नाना माझ्यापुढे येऊन उभे राहिले. गावात लाइनमनपुढे उभे राहत, अगदी तसेच. "रोज पाऊन तास उशिरे येस. काय कारन?" मी उत्साहाने चंद्र, पृथ्वी, परिवलन असं सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग चंद्रले कोन सांगस?" मी चहा टाकायला आत गेले.

नाना मान खाली घालून चालायचे. शेतकऱ्याची सवय, माती वाचायची. शेतात रात्री कोण येऊन गेलं ते त्यांना सकाळी पावलांवरून कळायचं, रानडुक्कर असो की भाऊबंद. "तोंड खोटं बोलस, पाय नही बोलत," हे त्यांचं पेटंट वाक्य. समुद्रावर मी सूर्यास्त बघायला जायची आणि ते वाळू बघायला. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसली तेव्हा ते खाली बसले, एक गोळी चिमटीत धरून चुरली, वास घेतला आणि म्हणाले, "हाई खत कोन टाकी गयं?" ते खत नव्हतं. नखाएवढे खेकडे वाळू खाऊन अशा गोळ्या टाकतात, हे आम्हाला पुढे शेजाऱ्यांनी सांगितलं. त्यानंतर आठ दिवस नाना त्या खेकड्यांच्या बिळांजवळ उकिडवे बसून असायचे. लाट मागे गेली की तिच्यामागे धावणारे आणि ती परत आली की पळत सुटणारे छोटे पांढुरके पक्षी होते, त्यांना त्यांनी 'साहेब' असं नाव ठेवलं. सरकारी साहेब शेतापर्यंत येतात, पण पाय ओले करत नाहीत, म्हणून.

एकदा एक देखणा शंख त्यांनी आणून खिडकीत ठेवला. आम्ही चहा पीत असताना तो शंख चालू लागला. मी कप तसाच ठेवून पलंगावर चढले. नाना पोट धरून हसले. आत मऊ अंगाचा खेकडा होता, दुसऱ्याच्या शंखात राहायला आलेला. "तुमनामायकच शे हाऊ. भाडाना घरमा ऱ्हास," ते म्हणाले आणि त्याला परत पाण्यात सोडून आले.

त्यांचा आणखी एक शब्द सांगायला हवा. केळीची लागण केली की काही रोपं मरतात, ओळीत जागा रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या जागेला नांगा म्हणतात आणि तिथे नवं रोप लावणं म्हणजे नांगे भरणं. नानांना नांगे सगळीकडे दिसायचे. नारळाची बाग दिसली की "दोन नांगा शेतस," लग्नाच्या पंगतीत बसले तरी तेच. सासूबाईंच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर त्यांनी चुलीजवळच्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं होतं. "हाऊ नांगा नही भरस," इतकंच बोलले. सासूबाईंबद्दल त्यानंतर त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नाही.

ऐकलं नाही म्हणते, पण एका अर्थी रोज ऐकत होते. समुद्रावरून आले की दारातूनच सासूबाईंच्या नावाने हाक मारायचे, चहा ठेव म्हणून. मी चहा द्यायची. त्यांना चूक कळायची की नाही, कोण जाणे. एकदा चप्पल फ्रिजवर सापडली. एकदा त्यांनी मला विचारलं, बाजार कोणत्या वाराला आपला. नवरा रात्री हळू आवाजात म्हणाला, नानांचं डोकं काम देईनासं झालंय. मला तसं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ ते मिनिटावर सांगायचे तेव्हा वाटायचं नाही. मी गोंधळून गेले होते.

मार्चमधल्या एका सकाळी सात वाजता ते धापा टाकत घरी आले. "समुद्रमाईन टॅक्टर उनं आन मांगे फिरी गयं," ते म्हणाले. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. चाकांच्या खुणा आहेत, पाण्यातून वर आल्यात, सुरूच्या झाडांपर्यंत गेल्यात आणि वळून परत पाण्यात गेल्यात, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "चला, दाखाडस." नवऱ्याला बँक उघडायची होती, माझी पोळी तव्यावर होती. "नाना, बसा, आधी पाणी प्या," मी म्हणाले. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा भरती येऊन गेली होती, वरची कोरडी वाळू वाऱ्याने सारखी झाली होती आणि किनारा कोरा होता. तिथेच, त्यांच्यासमोर, नवरा फोनवर कुणाला तरी डोक्याच्या डॉक्टरचा नंबर विचारत होता. नाना सुरूच्या झाडांकडे बघत उभे राहिले. ट्रॅक्टरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नाना त्या घ्यायचे आणि रोज संध्याकाळी दोन कॅन भरून बाहेर पडायचे. कुणाच्या तरी झाडांना पाणी घालत असतील असं मला वाटलं. दारामागची नळी दिसेनाशी झाली, तेव्हा बरंच झालं म्हटलं. केर काढायला सोपं.

एप्रिलात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खान्देशात आखाजीला घागर भरतात. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची मातीची घागर पाण्याने भरून पुजायची, म्हणजे त्याची तहान भागते. सासूबाईंची ती पहिली आखाजी. घागर गावच्या घरातच भरायची, यावर नाना ठाम होते. नवरा त्यांना घेऊन जाणार, आमच्या मुलीची शाळेची परीक्षा म्हणून मी तिच्याबरोबर इथेच थांबणार, असं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी नाना मला म्हणाले, "चाल माय, एक काम शे."

सुरूच्या झाडांमागे भरतीचं पाणी पोचत नाही अशा जागी त्यांनी एक मांडव घातला होता. वर नारळाच्या झावळ्या. पश्चिमेला वारा अडवायला सासूबाईंचं जुनं लुगडं बांधलेलं. आमच्याकडे केळीच्या कोवळ्या रोपांना उन्हाळ्यात करतात तसंच सगळं. फांदीला कॅन टांगलेला आणि त्यातून निघालेली ती काळी नळी वाळूवर गोल फिरवलेली. थेंब, थेंब, थेंब. वाळू ओलीगच्च होती.

"टॅक्टर नही व्हतं ते," नाना म्हणाले. "माय व्हती. अंडा शेतस खाले, लिंबू इतला. उनमा सुकी जातीन ना." मग माझ्या हातात रिकामा कॅन दिला. "आते तुना हवाले. रोज सांजले दोन कॅन. आपलं गोडं पानी, समुद्रनं नही." त्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता असा आनंद होता. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी सुटल्यावर मी मोबाईलवर शोधलं. कासवाच्या पावलांचा फोटो निघाला. हुबेहूब ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. पलीकडच्या गावात कासवांची घरटी राखणारे दामूदादा होते, त्यांना फोन लावला. ते आले आणि मांडवाखाली गुडघ्यावर बसून हाताने वाळू काढू लागले. पहिलं अंडं वर आलं तसा वास आला. शंभरावर अंडी होती, सगळी नासलेली.

"पाणी जास्त झालं, वहिनी," दामूदादा म्हणाले. "त्यांना वाळूची ऊबच लागते. मला पहिल्या दिवशी कळवलं असतंत ना, तर उचलून आमच्या राखणीच्या जाळीत नेली असती."

पहिल्या दिवशी. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता नानांनी सांगितलं होतं. माझी पोळी तव्यावर होती. चूक त्यांच्या गोड्या पाण्याची की आमच्या न ऐकण्याची, हे मी त्या दिवसापासून ठरवायला बघते आहे. कधी असं वाटतं, कधी तसं.

आखाजीच्या दिवशी त्यांचा फोन आला. मागे पोरींच्या झोक्यावरच्या गाण्यांचा आवाज येत होता. घागर भरली म्हणाले. मग विचारलं, "पिल्लं निंघनात का?"

"निघाली, नाना," मी म्हणाले.

"कितला?"

"शंभर."

"बठ्ठा?" सगळी का, असं ते विचारत होते. "एक बी नांगा पडना नही?"

"नाही, नाना. एकही नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते परत आले नाहीत. गावात राहिले की त्यांना वार आठवतात, चप्पल जागेवर असते, असं शेजारी सांगत. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा नवी केळी लागली होती आणि नाना नांगे भरत होते. खरं सांगून टाकायचं असं मनाशी ठरवून मी त्यांच्यामागे ओळीत चालले होते. त्यांनी एका खड्ड्यात रोप ठेवलं, पायाने माती दाबली आणि वर न बघता म्हणाले, "शंभरमाईन शंभर कव्हयच उगत नही, पोरी. जठे नांगा पडना तठे दुसरं लावानं." मी तिथेच थांबले. त्यांना कळलं होतं का? का ते नुसतं केळीबद्दल बोलत होते? मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ती नळी कोठे शे?" तिकडेच राहिली, मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे. लागस कोठे ना कोठे." आणि पुढच्या खड्ड्याकडे गेले. सांगायचं राहून गेलं.

माघात नाना गेले. दुपारी जेवून बांधावरच्या खाटेवर आडवे झाले, ते उठले नाहीत. कार्य उरकून आम्ही परत आलो आणि मी पहाटे समुद्रावर जायला लागले. मान खाली घालून. पंधराएक दिवसांनी वाळूत त्या खुणा दिसल्या, पाण्यातून वर आलेल्या आणि परत पाण्यात गेलेल्या. मी तिथूनच दामूदादांना फोन केला आणि ते येईपर्यंत जागा सोडली नाही. घरी पोळ्या झाल्या नाहीत, मुलगी पाव खाऊन शाळेत गेली.

एकशे सात अंडी निघाली. दामूदादांनी ती जाळीत नेऊन पुरली आणि पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. आखाजीच्या आदल्या आठवड्यात पिल्लं बाहेर आली. मी एकेक मोजलं. एक पिल्लू माझ्याच पावलाच्या खळग्यात अडकलं, धडपडून बाहेर आलं आणि पाण्याकडे गेलं. एकोणनव्वद गेली. मी सवयीने खिशातून फोन काढला आणि नानांचं नाव शोधलं. मग परत ठेवला.

आखाजीला गावी गेलो. नवऱ्याने नानांच्या नावाची नवी घागर मांडली. तिच्यावर लोटी, लोटीवर आंबा, पुढ्यात गोड सांजोरी. पाणी मी ओतलं. सगळे जेवायला बसले तरी मी घागरीपाशीच थांबले. लग्नाला वीस वर्षं झाली, पण मी नानांशी त्यांच्या बोलीत एक शब्द कधी बोलले नव्हते. शहरातली ना मी, लाज वाटायची.

"नाना," मी घागरीला म्हणाले, "मांगला साल बठ्ठा नांगाच व्हतात. औंदा अठराच पडनात."