चाळीस फोटो आणि एक हरकत

चौकातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात चष्मेवाले एकतीस वर्षं लोकांचे नंबर काढताहेत. भिंतीवरची अक्षरं वाचून घेता घेता ते गिऱ्हाइकाला म्हणतात, "मी म्हणजे दिव्याखाली अंधार. जगाला दृष्टी देतो आणि माझ्या नाकासमोरचं मला दाखवायला मुलगी लागली." एवढं बोलले की समजावं, चष्मा आता अर्धा तास काही मिळत नाही.

फजिती त्यांचीच आहे, त्यामुळे सांगताना ते हात आखडता घेत नाहीत.

तरुणपणी त्यांनी स्वतः काच घासून दुर्बीण केली. आभाळ स्वच्छ असलं की गच्चीवरून आकाशाच्या एकाच तुकड्याचा फोटो काढायचा, हा त्यांचा नेम. गेल्या काही वर्षांत त्या फोटोंवर रेघा यायला लागल्या. इंटरनेटचे उपग्रह, एकामागोमाग एक, शेकड्याने. नव्या कोऱ्या भिंगावर कुणी खिळा ओढावा तसं त्यांना झालं. त्यांनी आकाश बचाव मंडळ काढलं. सभासद सात. त्यातले दोघं चहासाठी येत आणि एक सख्खा मेहुणा, म्हणजे त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. अध्यक्ष, चिटणीस आणि खुर्च्या मांडणारा ही तिन्ही पदं चष्मेवाल्यांनी बिनविरोध पटकावली.

पुढे सरकारी दूरसंचार कार्यालयाने आणखी उपग्रहांबाबत हरकती मागवल्या. चष्मेवाल्यांनी अकरा पानं लिहिली आणि पुरावा म्हणून चाळीस फोटो जोडले.

"भाऊजी, फोटो लहान करून पाठवा हो," मेहुणा म्हणाला. "एवढे अगडबंब कोण उघडून बघणार?"

"लहान केला की रेघ पुसट होते," चष्मेवाले कडाडले. "पुरावा म्हणजे पुरावा!"

अकरा पानांतले स्वल्पविराम घासूनपुसून होईपर्यंत शेवटची तारीख उजाडली, आणि त्या दिवशी चष्मेवाले होते मुलीकडे.

मुलगी नर्स. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात दोन खोल्यांचा दवाखाना ती एकटी सांभाळते. तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि बस दिवसातून एकदा. तीन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या छपरावर उपग्रहाची डिश बसली होती. चष्मेवाल्यांनी आल्या आल्या तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला आणि मुलीची बोलणी खाल्ली.

दुपारी त्यांच्या लक्षात आलं की संध्याकाळी सहापर्यंत हरकत पाठवायची, आणि बस तर सकाळीच गेली.

"मग पाठवा की डिशवरून," मुलगी म्हणाली.

"मी? त्या डिशवरून?"

"बाबा, अडला हरी…"

"कळलं. गाढवाचे पाय कुठे आहेत तेवढं दाखव."

मुलीने लॅपटॉपला वायर जोडून दिली. अकरा पानं चुटकीसरशी गेली. फोटो मात्र एकेक करून मुंगीच्या पावलाने सरकू लागले. चष्मेवाले स्टुलावर बसून मोजत होते. मध्येच शेजारच्या खोलीत एका बाईला आणलं, कळा सुरू झालेल्या. त्यांनी अदबीने स्टूल भिंतीकडे वळवलं आणि मोजणी चालू ठेवली.

पावणेसहाला चौतिसावा फोटो गेला. त्याच सुमाराला बाळ जन्मलं. रडण्याचा आवाज आला नाही.

मुलीने शहरातल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ लावला. टॅब्लेट बाईच्या आईच्या हातात दिला आणि स्वतः बाळाच्या नाकातोंडावर मास्क धरून पिशवीने हवा देऊ लागली. पडद्यावर डॉक्टरीणबाई बोलायला लागल्या आणि तोंड उघडं राहून तिथेच थिजल्या. चित्र हलेना, आवाज तुटायला लागला.

"छाती… नाही… मान…" एवढंच ऐकू आलं.

"बाबा!" मुलगी हात न थांबवता ओरडली. "तुमचं काही चालू आहे का?"

इथे चष्मेवाले गोष्ट थांबवतात आणि चष्मा पुसतात. म्हणतात, खोटं कशाला बोलू, मी आधी घड्याळाकडे पाहिलं. सहाच फोटो उरले होते. एक श्वास घेण्याइतका वेळ मी त्या सहा फोटोंचा विचार केला. आणि तेवढाच श्वास त्या बाळाला हवा होता. त्याची लाज मला अजून वाटते.

मग त्यांनी वायर उपटली. तिथे दोन वायरी होत्या, एक लॅपटॉपची आणि एक खुद्द डिशची. आयुष्यभर चुकीची वायर उपटणाऱ्या माणसाने त्या दिवशी बरोबर उपटली, याचं श्रेय ते आजही नशिबाला देतात.

पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई हलल्या. "मान जरा मागे. जास्त नको. हां. मास्क घट्ट दाबा, कडेने हवा जातेय. आता द्या… छाती वर आली बघा. चालू ठेवा."

दोन मिनिटं गेली असतील. मग बाळ रडलं, आणि असं रडलं की चष्मेवाल्यांनाही आवरेना. घड्याळात सहा वाजून गेले होते.

नंतर ते अंगणात येऊन बसले. अंधारून येत होतं. डोंगरामागून ठिपक्यांची रांग निघाली आणि डोक्यावरून सरळ पलीकडे गेली. एरवी त्यांनी शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी जमेना. पण वाईट वाटलंच. हे पोर मोठं होऊन वर बघेल, तेव्हा त्याला आभाळ दिसेल की नुसती वाहतूक?

"काय बाबा," मुलगी हात पुसत बाहेर आली, "मंडळ बरखास्त?"

"छे! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही."

घरी परतल्यावर त्यांनी फोटो लहान करून जोडले आणि हरकत पुन्हा पाठवली. मेहुणा गालातल्या गालात हसत होता. मुदत टळल्यामुळे कार्यालयाने एक फॉर्म भरायला सांगितला. त्यात रकाना होता: विलंबाचे कारण, एका ओळीत. अकरा पानं लिहिणारा माणूस त्या एका ओळीवर दोन दिवस बसून राहिला. बस चुकली असं लिहिलं, खोडलं. प्रकृती बरी नव्हती असं लिहिलं, तेही खोडलं.

शेवटी लिहिलं: "उपग्रह एका बाळाच्या कामात होता. हरकत कायम आहे."