झाडापर्यंत

मयेकर काका गेल्याचं कळलं तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. त्या दिवशी सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातून जरा लवकरच निघाले होते. तांजोंग पगार मागे पडलं आणि काकूंचा फोन आला. आवाज नेहमीचाच. "गेले गं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. पासिर रिस शेवटचं स्टेशन, तिथवर कशी पोचले ते मला आठवत नाही. मनात पहिला विचार आला तो मात्र पक्का आठवतो, आणि त्याची अजून थोडी लाज वाटते... काकांचं झागोरी राहिलं.

झागोरी हा ग्रीसच्या वायव्य कोपऱ्यातला डोंगरी मुलूख. हे मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मी पुण्याची, कामापुरता भूगोल येणारी. पण आमच्या वरच्या मजल्यावर काका राहत होते, आणि त्यांच्याकडे चहाला गेलेल्या माणसाला झागोरी चुकवता येत नसे. काका मालवणचे. जन्म समुद्राकाठी, सारी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये, निवृत्तीनंतरचं घरही समुद्राजवळ. अशा माणसाने प्रेमात पडायचं ते डोंगरांच्या! काकू तर झागोरीला सरळ सवतच म्हणायच्या.

या सगळ्याच्या मुळाशी होता स्टाव्रोस. काका ज्युनिअर इंजिनिअर असताना एका ग्रीक मालकाच्या जहाजावर तो त्यांचा चीफ होता. कंट्रोल रूममध्ये वॉचला, म्हणजे पाळीवर, बसल्यावर तो आपल्या गावाबद्दल बोलत राहायचा आणि काका ऐकायचे. खोल दऱ्या, दगडी कमानींचे पूल, पातळ दगडी फरश्यांनी शाकारलेली घरं. जमीन पोटापुरतीही पिकत नाही, म्हणून पुरुष पिढ्यान् पिढ्या बाहेर पडलेले, कुणी इस्तंबूलला, कुणी बुखारेस्टला, कुणी इजिप्तमध्ये. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावातले पूल आणि शाळा उभ्या राहिल्या. तुर्कांच्या राज्यातही या गावांनी आपला कारभार बराचसा आपल्या हाती ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या बायकांनी पाठीवर बांधून दारूगोळा बर्फातून डोंगरावर चढवला. आणि गावाच्या डोक्यावरचं रान तोडणाऱ्याला चर्चचा शाप लागायचा, म्हणून ते रान अजून उभं आहे. इथे काका हमखास थांबायचे आणि म्हणायचे, "म्हणजे आमची देवराईच की. माणसंही आमच्यासारखीच. अख्खा चाकरमान्यांचा मुलूख आहे तो."

गंमत अशी, की काकांनी झागोरी कधी पाहिलंच नव्हतं. "मी ग्रीसला कितीदा तरी गेलोय," असं ते छातीठोकपणे सांगत. तो त्यांचा ग्रीस म्हणजे पिरेअस बंदर, तिथली गोदी आणि गोदीसमोरचं एक कॉफीचं दुकान. जहाजावरच्या माणसांचं असंच होतं, बंदराला पाय लागले की देश पाहिला. मी एकदा हे तोंडावर बोलून दाखवलं. काका रागावले नाहीत. उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले, यानिना शहर दाखवलं, तिथलं तळं दाखवलं आणि तिथून वर चढणाऱ्या रस्त्यावरून स्टाव्रोसच्या गावापर्यंत बोट नेलं. रस्ता इतका पाठ होता, की बोट कुठेही अडखळलं नाही. माझी मुलगी इरा तेव्हा शाळेत होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, जस्ट फ्लाय देअर लाह." काका हसले आणि त्यांनी नकाशावरचं बोट काढून घेतलं.

त्या गावाची एक रीत काकांनी सिंगापुरात आणली होती. गावाच्या वेशीवर एक जुनं झाड आहे. परदेशी निघालेल्या माणसाला घरच्यांनी त्या झाडापर्यंतच पोचवायचं. काय रडायचं ते तिथे रडून घ्यायचं. मग जाणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही, आणि राहणाऱ्याने तो वळणाआड होईपर्यंत जागचं हलायचं नाही. इथे आमच्या माणसांची सदा ये-जा. कुणाचा नोकरीचा पास संपतो, कुणाला पुण्यात आईवडिलांकडे परतायचं असतं. चांगी विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी काका तिथे कधी आले नाहीत. ब्लॉकसमोरच्या रस्त्याकडेला मोठा रेन ट्री आहे, तिथवर यायचे. टॅक्सीही तिथेच बोलवायला लावायचे. बॅग आत ठेवली, की पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मागे बघायचं नाही हां." वाकलेल्या गुडघ्यांनी तिथे एकटे उभे असलेले काका किती कुटुंबांच्या आठवणीत असतील!

स्टाव्रोस निवृत्त होऊन गावी गेला आणि दरवर्षी बोलवत राहिला. एका वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, पुढे मुलाचं लग्न, नंतर आणखी काही. गेल्या वर्षी अखेर दोघांचा व्हिसा झाला, तिकिटं आली, काकूंनी कुरकुरत का होईना, लोकरीचे मोजे घेतले. आणि मग ते रिपोर्ट आले. हॉस्पिटलात मी शेवटची भेटले तेव्हा काकांना बोलायला धाप लागत होती. काकू औषधं आणायला गेल्या होत्या. ते म्हणाले, "मृदुला, माझं काही आता होत नाही. हिला पाठव. ही ऐकणार नाही, पण तू पाठव." मी हो म्हटलं. खरं सांगते, मला ते जमेल असं वाटलं नव्हतं.

काकांना ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, थोडा वेळ ठेवलं. शववाहिका निघाली तशा काकू मागे चालू लागल्या. लंडनहून आलेला त्यांचा मुलगा निखिल त्यांना गाडीत बसवायला पुढे झाला, पण त्या रेन ट्रीखाली थांबल्या आणि म्हणाल्या, "मी इथपर्यंतच." गाडी वळणाआड गेली तरी त्या तशाच उभ्या होत्या. तिथे मला रडू आवरलं नाही. इतकी वर्षं त्या या रीतीला जहाजावरचं खूळ म्हणत आल्या होत्या.

निखिल परत गेला. तिकिटाचा विषय काढायला मी दोनदा वर गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन खाली आले. तिसऱ्या वेळी विषय काकूंनीच काढला. स्टाव्रोसचा फोन आला होता. तो मोडक्या इंग्रजीत काकांबद्दल बोलत होता, आणि त्यातलं निम्मं काकूंनी कधी ऐकलेलंच नव्हतं. "त्या गावाच्या नावाने मी आयुष्यभर बोटं मोडली," काकू म्हणाल्या. "आता वाटतं, ह्यांच्या अर्ध्या गप्पा तिथेच राहिल्यात. जाऊन ऐकून येते."

गेल्या आठवड्यात त्या निघाल्या. निखिल लंडनहून थेट अथेन्सला येणार होता आणि स्टाव्रोस त्याच्या गावच्या झाडाखाली उभा राहणार होता. सकाळी मी काकूंची बॅग घेऊन खाली उतरले. मी म्हटलं, विमानतळापर्यंत येते. त्यांनी मान हलवली. टॅक्सी रेन ट्रीपाशीच उभी होती. बॅग आत ठेवल्यावर मी काकांचं ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनीच माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत बसल्या.

टॅक्सी सुटली आणि काकूंनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे, जिथे काका उभे राहायचे. मी थोडी बाजूला सरकले आणि टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.